गळ्यातला बोल्ट

ही गोष्ट चौऱ्याहत्तर सालची. तेव्हा मोटारसायकली आजच्यासारख्या प्रत्येक दारात उभ्या नसत. ज्याच्याकडे असे तो तिला घरच्या माणसासारखी जपायचा, आणि बिघडली की तोंड पाडून मिस्त्रींच्या गॅरेजात ढकलत आणायचा.

मिस्त्री म्हणजे बेबीचे वडील. बेबी हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे, पण पंचविशीला आली, लग्न झालं, तरी ती बेबीच राहिली. पुढे गॅरेज, मागे घर, आणि मधल्या भिंतीत स्वयंपाकघराची खिडकी. त्या खिडकीतून चहा बाहेर जायचा आणि शिव्या आत यायच्या. घरातल्या पांघरुणांनासुद्धा रॉकेलचा आणि ग्रीसचा वास असे. शाळेत मुली बेबीशेजारी बसताना नाक मुरडायच्या. तिला मात्र तो वास कधी आलाच नाही. घराला आणखी कुठला वास असतो हे तिला ठाऊकच नव्हतं.

मिस्त्रींचा हात सोन्याचा होता, हे त्यांचे वैरीही मान्य करत. गंजून जाम झालेला बोल्ट काढावा तर त्यांनीच. कुणी दांडगाईनं पान्याला लोंबकळू लागला की मिस्त्री लांबूनच ओरडायचे, "अरे गाढवा, रुसलेल्या बाईला ओढतोस काय? आधी तिच्या मनासारखं कर, मग तुझ्या!" म्हणजे बोल्ट सोडायचा असेल तर पहिल्यांदा तो केसभर आवळायचा. गंजाची पकड मोडली की मग सोडायचा. भोवती रॉकेल घालून वाट पाहायची. नाहीच ऐकलं तर दिव्याची धग द्यायची, तापल्यावर मेणबत्ती टेकवायची. मेण वितळून आट्यांत ओढलं जातं आणि बोल्ट निमूट फिरतो. माणसांच्या बाबतीत मात्र मिस्त्रींनी कधी धग सोडून दुसरं काही वापरलं नाही.

त्यांच्या गॅरेजाचा एक नियम होता. ज्याच्या हातून बोल्ट तुटेल, त्यानं तो तुकडा तांब्याच्या तारेत ओवून गळ्यात घालायचा. काम करताना, जेवताना, बाजारात जाताना, सदासर्वदा. मिस्त्री बोटानं दाखवतील तो दुसरा जाम बोल्ट न तोडता काढला, की सुटका. कारागीर हसत हसत घालायचे, कारण मिस्त्री बहुतेकांना सोपा बोल्ट दाखवायचे. पण एखाद्यावर त्यांचा डोळा फिरला, की बोट जायचं कोपऱ्यात. तिथे ताडपत्रीखाली त्यांची स्वतःची मोटारसायकल होती. काळी, जाडजूड, कित्येक वर्षं न हललेली. तिच्या इंजिनाच्या बाजूच्या झाकणाचा खालचा बोल्ट जाम होता, म्हणून झाकण निघत नव्हतं, आणि झाकण निघत नव्हतं म्हणून ती चालू होत नव्हती.

"तुम्हीच का काढत नाही?" कुणी विचारलंच तर मिस्त्री म्हणायचे, "न्हाव्याची दाढी वाढलेलीच असते."

त्या बोल्टाला पाना लावला, की त्याचं डोकं पान्यात निघून यायचं. मग मिस्त्री कुणी वाकून बघायच्या आत ताडपत्री ओढायचे आणि टाळी वाजवायचे. "तोडला! माझ्या काळीचा बोल्ट तोडला!" की गळ्यात दुसरा तुकडा. असे तीन चांगले कारागीर मान खाली घालून निघून गेले.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात तार आली बेबीच्या नवऱ्याच्या गळ्यात.

तो याच गॅरेजात कामाला आलेला. आगापिछा कुणी नाही, बोलणं कमी, हात बरा. मिस्त्रींनी त्याला जावई करून घेतला तो काही त्याच्या गुणांवर भाळून नव्हे. "बाहेरचा जावई शोधला तर मान द्यावा लागतो. हा घरचाच आहे, दोन घास जास्त वाढले की झालं," असं ते लग्नाच्या पंगतीतच म्हणाले होते, आणि नवरदेव तिथेच पानावर बसला होता. त्या उन्हाळ्यात एका गिऱ्हाइकाच्या गाडीचा बोल्ट त्याच्या हातून तुटला. तसा कुणाच्याही हातून तुटला असता.

मग रोजची जेवणं सुरू झाली. तो ताटावर वाकला की गळ्यातला तुकडा वाटीवर आपटायचा. टण्.

"वाजतंय गं, वाजतंय!" मिस्त्री बायकोकडे बघून म्हणायचे. "बैल गोठ्यात आला वाटतं. जावईबापूंना वैरण वाढ."

बेबीची आई वाढायची. हसायची नाही आणि थांबवायचीही नाही. चाळीस वर्षांच्या संसारात तिनं एवढंच शिकून घेतलं होतं, की नवऱ्याचं तोंड दुसऱ्याकडे वळलेलं असेल तर आपण श्वास घेऊन घ्यावा.

बेबी ताट अर्धवट टाकून उठायची. एकदा खोलीत गेल्यावर ती म्हणाली, "अहो, फेकून द्या ना ते. कोण काय करणार आहे?"

"तुला नाही कळायचं."

"काय नाही कळायचं? लोखंडाचा तुकडा तर आहे."

"फेकला तर भ्याला म्हणतील. या धंद्यातली माणसं जातील तिथे तोंड घेऊन जातात."

आणि जायचं तर होतंच. लांबच्या एका गावात बसगाड्यांचा मोठा कारखाना होता. तिथे त्याचा जुना सोबती मुकादम झाला होता. त्यानं निरोप धाडला होता, की महिनाअखेर ये, जागा धरून ठेवतो, कामाबरोबर राहायला खोली आहे. एकच खोली. पण तिची खिडकी कुठल्याही गॅरेजात उघडत नव्हती! बेबीनं ती खोली न बघताच मनात झाडून, सारवून, लावून टाकली होती. चूल कुठे, पाण्याचा माठ कुठे, दोरी कुठून कुठे. लग्नातली पत्र्याची ट्रंक तिनं पलंगाखालून काढली, पुसली आणि हळूहळू भरायला लागली.

नवरा म्हणाला, "गळ्यात हे घेऊन मी त्या दारात उभा राहणार नाही."

मिस्त्रींना कुणकुण लागलीच. सगळ्या कारागिरांसमोर ते म्हणाले, "जावईबापू निघाले म्हणे! जा की. दार काय, तुम्ही यायच्या आधीपासून उघडंच आहे. पण नियमानं जा. उद्या सकाळी माझी काळी. तिचा खालचा बोल्ट." आणि सगळ्यांना डोळा घातला.

त्या संध्याकाळी नवरा गच्चीच्या कठड्याला टेकून उभा होता आणि बेबी दोरीवरचे कपडे काढत होती. एक एक चिमटा काढत तिनं मनाशी हिशेब केला. इकडे जन्मदाता, तिकडे जन्माचा सोबती. मग कपड्यांचा गठ्ठा तसाच पोटाशी धरून ती म्हणाली, "मी एक सांगते. पण सांगितल्यावर काय करायचं ते मी म्हणेन तसं."

"बोल."

"उद्या तो बोल्ट निघाला, की गळ्यातलं काढून तिथेच भंगारात टाकायचं, ट्रंक उचलायची आणि जायचं. एक शब्द बोलायचा नाही. बाबांना काही म्हणायचं नाही. हो म्हणा."

"शपथ हवी?"

"शपथ नको. नुसतं हो म्हणा."

"हो."

मग तिनं सांगितलं. आदल्या वर्षी एका सुट्टीच्या दिवशी गॅरेज बंद असताना ती बाबांसाठी चहा घेऊन गेली होती. बाबा काळीपाशी उकिडवे बसले होते. बिस्किटाच्या डब्याच्या झाकणावर त्यांनी लांबी कालवली होती, रंगारी पत्र्याचे खड्डे बुजवायला वापरतात ती. आणि बोल्टाचं नुसतं डोकं ते त्या लांबीनं काळीच्या इंजिनावर चिकटवत होते. इतक्या हळुवारपणे, जणू झोपलेल्या मुलाच्या कपाळाला टिकली लावताहेत. डोक्याखाली आत तुटका बोल्ट होता. आणि त्याच्या बरोब्बर मधोमध काहीतरी चकाकत होतं.

"उलटा," नवरा पुटपुटला.

तुटलेला बोल्ट काढायला त्याच्या पोटात भोक पाडून आत फिरवायचं एक पोलादी हत्यार असतं. त्याचे आटे उलट्या बाजूचे, म्हणून गॅरेजात त्याला नुसतं 'उलटा' म्हणत. तो आत तुटला तर मात्र कारागिराचं कर्म फुटलं, कारण त्या पोलादाला कुठलंच ड्रिल लागत नाही. मिस्त्रींच्या भिंतीवरच्या फळीवर लहानमोठे उलटे ओळीनं टांगलेले असत. प्रत्येकाच्या मागे पांढऱ्या रंगानं त्याचा आकार काढलेला. त्यातली एक जागा कित्येक वर्षं रिकामी होती. तो उलटा चोरला म्हणून मिस्त्रींनी बुटक्याला हाकललं होतं. बुटका त्यांचा सगळ्यांत जुना कारागीर. "चोर" म्हणून मिस्त्रींनी बाजारभर सांगितल्यावर त्याला कुठेच काम मिळालं नाही. त्याची बायको मुलाला कडेवर घेऊन दारात आली होती. मिस्त्रींनी तिला पाणीही विचारू दिलं नव्हतं.

"म्हणजे म्हाताऱ्यानं स्वतःच्याच गाडीचा बोल्ट तोडला. मग त्यात उलटा तोडला. नियमानं तार त्याच्याच गळ्यात यायला हवी होती," नवरा सावकाश म्हणाला. "आणि बुटक्याला..."

"हं."

"तू वर्षभर गप्प बसलीस?"

"बाबा आहेत माझे."

नवरा हसला. लग्नाला तीन वर्षं झाली होती, पण हे हसू तिनं ऐकलं नव्हतं. तिला वाटलं, बरेच दिवस हसला नाही, म्हणून तसं वाटलं असेल.

सकाळी ताडपत्री निघाली. शेजारचा वेल्डर हातातलं काम टाकून तमाशा बघायला आला. दोन गिऱ्हाइकं बाकावर बसली. मिस्त्री खुर्ची टाकून मधोमध बसले, पायावर पाय. बेबी खिडकीत होती. आत पलंगाशेजारी ट्रंक बांधून तयार होती.

"घ्या पाना, जावईबापू. का मुहूर्त काढायचाय?"

"पाना नको, मामा," नवरा म्हणाला. त्यानं अंगठ्याचं नख बोल्टाच्या डोक्याखाली घातलं आणि टिचकी मारली. डोकं टपकन जमिनीवर पडलं, घरंगळत मिस्त्रींच्या चपलेपाशी गेलं.

"तोडला!" मिस्त्री सवयीनं ओरडले.

"नखानं?" वेल्डर म्हणाला. "आता नखानं लोखंड तुटायला लागलं तर माझा धंदा बसलाच म्हणायचा!"

बाकावरचे हसले. मिस्त्रींचा वरचा पाय खाली आला.

नवरा घाईत नव्हता. त्यानं ड्रिलला हातही लावला नाही. एक बारीक टोकदार पंच घेतला, तो चकाकणाऱ्या पोलादावर धरला, आणि लहान हातोडीनं ठोके देऊ लागला. टिक्, टिक्. "मामा, तुम्हीच शिकवलंत," तो मान वर न करता म्हणाला. "जेवढं कडक तेवढं ठिसूळ. उलट्याला भोक पडत नाही, पण तो फुटतो." मग हाक मारली, "बेबी, एक बशी दे गं. पांढरी."

बेबीनं खिडकीतून बशी दिली. ठरलं होतं ते हे नव्हतं, हे तिला बशी देतानाच कळलं. पण बशी हातातून गेली होती.

सुईनं आणि चुंबकानं त्यानं आतले तुकडे एकेक करून वेचले आणि बशीत मांडले. सगळ्यांत मोठ्या तुकड्यावर उलटे आटे स्वच्छ दिसत होते. त्यानं बशी बाकावरच्या माणसांपुढून फिरवली, पाहुण्यांपुढून सुपारी फिरवावी तशी, आणि भिंतीवरच्या रिकाम्या जागेकडे बोट केलं.

"बुटक्यानं चोरलेला उलटा सापडला बघा. इतकी वर्षं मामांच्या काळीत लपवून ठेवला होता त्यानं."

कुणी हसलं नाही. पुढचं काम कारागिरीचं होतं, आणि ते त्यानं असं केलं की मिस्त्रींनीही करावं. बोल्टाच्या थोटकावर वेल्डरकडून एक नट जोडून घेतला. तापला असतानाच मेणबत्ती टेकवली. मेण चुरचुरत आत गेलं. मग पाना लावला, आणि सोडण्याआधी केसभर आवळला. कर्र असा एक आवाज आला. पुढे तो बोल्ट लोण्यातून निघावा तसा फिरत बाहेर आला.

बेबीनं ट्रंकेची किल्ली हातात घेतली. आता गळ्यातली तार काढेल, भंगाराच्या पिंपात टाकेल, आत येईल. ती ट्रंकेकडे वळलीसुद्धा.

त्यानं तार काढली. तिच्यातला जुना तुकडा काढून फेकला. आणि काळीचा बोल्ट, त्यावरच्या नटासकट, त्याच तारेत ओवला.

"मामा, मान पुढे करा."

मिस्त्री उठतील, लाथ घालतील, असं सगळ्यांना वाटलं. ते उठले नाहीत. त्यांनी जावयाकडे पाहिलंही नाही. खिडकीकडे पाहिलं. बेबीच्या हातात ट्रंकेची किल्ली होती. बराच वेळ बघून मग त्यांनी मान खाली केली.

"नियम म्हणजे नियम," ते म्हणाले.

दुपारी नवरा आत आला, हात धुतले, आणि ट्रंक पायानं पलंगाखाली सरकवली.

"अहो, बस आहे ना?"

"कसली बस? तिथे मी कोण? मुकादमाच्या हाताखालचा. इथे आता मी म्हणेन तो बोल्ट म्हाताऱ्यानं काढायचा. आता कुठे मजा यायला लागली, आणि तू म्हणतेस बस!"

"तुम्ही हो म्हणाला होतात."

"माझ्या गळ्यात तार होती तेव्हा म्हणालो होतो," तो म्हणाला आणि टॉवेल तिच्या खांद्यावर टाकून बाहेर गेला.

त्या दिवशी जेवताना मिस्त्री ताटावर वाकले आणि वाटीवर आवाज झाला. टण्.

"वाजतंय हो, वाजतंय," बेबीची आई म्हणाली. आधी हळू म्हणाली. मग तिला हसू फुटलं. पदर तोंडात कोंबला तरी थांबेना, डोळ्यांतून पाणी आलं, हातातला डाव खाली पडला. चाळीस वर्षांचं साठलेलं एकदाच बाहेर पडत होतं. तेव्हापासून ती रोज म्हणायची. जावई तिला दाद द्यायचा.

आठवडाभर बेबीनं सोसलं. मग एका दुपारी बाकीचे झोपलेले असताना ती पक्कड घेऊन वडिलांपाशी गेली. ते काळीपाशी बसून होते. जावयानं त्यांना दाखवलेला दुसरा बोल्ट समोर होता, पण पान्याला त्यांनी हातही लावला नव्हता.

"बाबा, मान करा इकडे. तार कापते."

त्यांनी तिच्या मनगटावर फटका मारला. पक्कड लांब जाऊन पडली.

"त्या सुट्टीच्या दिवशी चहा तूच आणला होतास," ते म्हणाले. "चहा निवला होता. तेव्हाच मला कळलं होतं की तू दारात बराच वेळ उभी होतीस."

"बाबा..."

"मी वाट बघत होतो, कधी सांगतेस त्याची. सांगितलंस. चांगलं केलंस. आता ऐक. हे मी काढणार नाही. तो काढ म्हणाला तरी नाही. तुझ्या हातचं जेवीन आणि रोज तुझ्या वाटीवर वाजवीन."

आणि तसंच केलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे सुंभही जळत नव्हता. काही महिन्यांनी जावयालाच कंटाळा आला. "पुरे झालं मामा, गिऱ्हाइकं हसतात," तो म्हणाला. आईसुद्धा हसून हसून थकली. पण मिस्त्री ऐकेनात. कुणी विचारलं की सांगायचे, "लेकीनं केलेला दागिना आहे."

बेबीला दुसऱ्या खोलीतूनही ते ऐकू यायचं. टण्. मुलगा झाला, तो त्या आवाजावर हसायला शिकला.

मिस्त्री त्यानंतर अकरा वर्षं जगले. गेले तेव्हा तारेनं मानेवर हिरवा वळ पडला होता. घासूनही तो निघाला नाही. तार बेबीच्या आईनं कापली, तीही स्वयंपाकघरातल्या कात्रीनं, आणि बोल्ट भंगाराच्या पिंपात न टाकता मिठाच्या बरणीमागे ठेवला. तीही पुढे फार दिवस जगली नाही. शेवटी शेवटी रिकाम्या खोलीत "वाजतंय, वाजतंय" म्हणायची.

काळी त्याच साली चालू झाली होती. जावई तिच्यावरून फिरायचा. गॅरेजाचा नियम त्यानं मोडला नाही, उलट कडक केला. कारागीर टिकेनात, मग एकटाच काम करायचा, आणि मग कामही येईनासं झालं. गुडघे गेल्यावर खुर्ची टाकून मधोमध बसायचा, पायावर पाय घालून. मुलगा सतरा वर्षांचा झाला तसा घर सोडून गेला. आईला वर्षाकाठी भेटतो, बाहेरच्या बाहेर, चहाच्या दुकानात.

बुटक्याकडे बेबी स्वतः गेली होती, उलटा सापडला हे सांगायला. तो तोवर वखारीत लाकडं फोडत होता. त्यानं ऐकून घेतलं. "सापडला होय? मग टांगा आता जागेवर," म्हणाला आणि कुऱ्हाड उचलली. त्याच्या बायकोनं दारात उभ्या बेबीला पाणी विचारलं नाही.

बसगाड्यांच्या कारखान्याचं ते गाव बेबीनं एकदाच पाहिलं, साठी उलटल्यावर, डोळ्याच्या ऑपरेशनला गेली तेव्हा. एका डोळ्याला पट्टी होती. रिक्षावाल्यानं दाखवलं, त्या बघा कामगारांच्या खोल्या. एकीच्या दारात बाई दोरीवरचे कपडे काढत होती. चूल आत उजव्या हाताला असणार, बेबीनं मनात म्हटलं. तिनं तर ती तेव्हा मनातल्या खोलीत डावीकडे लावली होती.